रुबार्बच्या वाफ्यातला खड्डा

मातीला आलेल्या माणसानं हसू नये, एवढी साधी गोष्ट. शेंबड्या पोरालाही ती सांगावी लागत नाही. पण सिरिल ब्रॅमहॉल माझ्या परसात, खणलेल्या खड्ड्याच्या काठावर उभा राहून हसला. डोक्यावरची टोपी काढली नाही, तोंडातला पाइप काढला नाही, आणि पोट धरून हसला. शेजारची मॅव्हिस भजनाचं पुस्तक उघडून उभी होती, मी चॅपलच्या काळ्या कोटात होते, बुटांच्या खोक्यात माझ्या नवऱ्याच्या पांढऱ्या मफलरमध्ये गुंडाळलेलं प्रेत होतं, आणि हा गृहस्थ हसत होता.

नंतर त्याचं हसणं थांबलं. ज्यामुळे थांबलं ते हसण्याहूनही वाईट निघालं.

सिरिल म्हणजे माझ्या विल्फचा खाणीतला जोडीदार. तीस वर्षं दोघं एकाच थराखाली आडवे पडून कोळसा फोडायचे, आणि रविवारी फेरेट, म्हणजे मुंगसासारखं ते लांबुळकं पाळीव जनावर, घेऊन माळावर सशांच्या मागे जायचे. एकानं बिळात फेरेट सोडायचं, दुसऱ्यानं बिळाच्या दुसऱ्या तोंडाशी जाळं धरून बसायचं. अंधार पडायच्या आत परत यायचे, मागच्या दाराशी दोन ससे ठेवायचे, आणि सिरिल म्हणायचा, "नमस्कार, मिसेस ओल्डरॉइड." बस्स. तीस वर्षांत हा माणूस माझ्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत आला नाही. मी बोलावलं नाही असं नाही. "बूट घाण आहेत, मिसेस ओल्डरॉइड." लख्ख पुसलेले असले तरी घाणच.

आमच्या ब्लॅकसाइकचे पुरुष असेच. जमिनीखाली काय बोलत असतील ते सैतानानंही कानात बोटं घालून ऐकावं. पण वर आले, अंग धुतलं, की जीभही धुतात. बाईसमोर शिवी नाही. शिवीच कशाला, अंगाच्या अवयवाचं साधं नाव नाही. माझ्या सासूला सात मुलं झाली, पण सासऱ्यांच्या तोंडून 'गरोदर' हा शब्द कुणी ऐकला नाही. "तिला जरा बरं नाही" एवढंच म्हणायचे, आणि पाळणा काढून ठेवायचे. त्यातून बाई चॅपलला जाणारी असली तर विचारूच नका. मी जाते. पहिल्या रांगेत बसते.

विल्फ जानेवारीत गेला. छातीत कोळसा साठून इथली माणसं जातात तसाच गेला. अंत्यविधीच्या दिवशी मी आत हॅम कापत होते आणि मागचं दार उघडं होतं. पुरुष परसातल्या लाकडी शेडपाशी उभे राहून विल्फच्या फेरेटांची वाटणी करत होते. हा नर तुला, ती मादी मला. विल्फची बायको पाच पावलांवर उभी आहे हे कुणाच्या गावीही नव्हतं. तेवढ्यात सिरिलचा आवाज आला.

"पेगी मी नेतो. विल्फच्या वाणातली शेवटची आहे. बाईच्या हाती राहिली तर ईस्टर बघायची नाही."

मी सुरी हातात घेऊनच बाहेर गेले.

"कुणाच्या हाती राहिली तर?"

सगळे आपापले बूट बघायला लागले.

"तसं नव्हतं म्हणायचं, मिसेस ओल्डरॉइड. फेरेट पाळणं म्हणजे..."

"म्हणजे काय? चाळीस वर्षं मी त्यांचा वास त्याच्या शर्टांतून धुऊन काढला. चार पोरं वाढवली, सासू अंथरुणात सांभाळली. हे हातभर जनावर मला जड जाईल?"

"तसं नाही. पण काही झालं तर मला सांगाल ना?"

"काही होणार नाही. बाकीची घेऊन जा. पेगी इथं राहील."

तोवर मी फेरेटला कधी बोटही लावलेलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात विल्फला सांगितलं होतं, तू किंवा ते जनावर, दोघांपैकी एकच उंबऱ्याच्या आत येईल.

पेगी पांढरी, लाल डोळ्यांची, अंगात हाड नसल्यासारखी मऊ. विल्फच्या जाकिटाच्या आतल्या खिशात झोपायची आणि तो खोकायला लागला की डोकं बाहेर काढून त्याच्या तोंडाकडे बघायची. तो गेल्यावर खुराड्याच्या जाळीला नाक लावून ती फाटकाकडे बघत बसली. मी खिडकीत बसून फाटकाकडेच बघत होते. असे काही दिवस काढल्यावर तिला घरात आणली. थंडी फार आहे, असं मॅव्हिसला सांगितलं.

पहिल्याच दिवशी तिला झटका आला. म्हणजे मला तसं वाटलं. पाठ कमानीसारखी, शेपटी बाटली धुवायच्या ब्रशासारखी, तोंड उघडं, आणि घशातून कुक्‌कुक्‌ आवाज काढत ती आडव्यातिडव्या उड्या मारायला लागली. टेबलाच्या पायावर आपटली, कोळशाच्या बादलीवर आपटली, उठली आणि पुन्हा उड्या. मी खुर्चीवर चढले. मॅव्हिसला हाक मारली, तर ती येऊन दुसऱ्या खुर्चीवर चढली.

"पिसाळलीय गं ही!" मी ओरडले.

"पिसाळलेल्याच्या तोंडाला फेस येतो. हिला कुठंय फेस?"

"मग काय झालंय?"

"मला काय विचारतेस? मी डॉक्टर आहे?"

रविवारी सिरिलला दारात विचारलं, तर म्हणतो, "खूश आहे, मिसेस ओल्डरॉइड. नाचतेय." असलं खूश होणं मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्या घरात खूश झालं तर चहात साखर जास्त घालतात.

मग चोऱ्या सुरू झाल्या. मॅव्हिसचा चष्मा गेला. चॅपलचा माझा एक हातमोजा गेला. एका सकाळी पेल्यात ठेवलेली माझी कवळी गेली, आणि चॅपलची घंटा वाजेपर्यंत मी बोळक्या तोंडानं घर पालथं घालत होते. शेवटी कोचाखाली हात घातला. सगळं तिथं नीट रचून ठेवलेलं. आणि सगळ्यांच्या मागं, भिंतीला लागून, विल्फचा लोकरीचा एक मोजा. मी अजून धुवायला टाकले नव्हते त्यांतला. कवळी घेतली. मोजा होता तिथं परत सरकवला.

सिरिल दर रविवारी यायचा. मला भेटायला नव्हे, तपासणीला. पाव-दूध नको, मांस द्या, म्हणायचा. ससा सोलून आणायचा. उंबऱ्याबाहेर उभा राहून पेगीकडे बघायचा आणि जायचा. मी वाट बघत होते ती ईस्टरची.

ईस्टर आला. चॅपलहून येऊन मी पेगीला हातात धरूनच दार उघडलं.

"बघ सिरिल. ईस्टर आहे, आणि ही आहे."

त्यानं पाहिलं. वरून पाहिलं, मग खालून पाहिलं, आणि त्याचे कान लाल झाले. टोपी काढून हातात गोल फिरवायला लागला.

"रुबार्ब चांगला आलाय यंदा," तो परसातल्या वाफ्यातल्या आंबट लाल देठांकडे बघत म्हणाला.

"रुबार्बला काय धाड भरलीय? पेगीबद्दल बोल."

"छान आहे. छानच आहे. म्हणजे... या दिवसांत विल्फ तिला जरा फिरायला न्यायचा."

"फिरायला? सगळं घर पायाखाली घातलंय तिनं. माझ्या उशीवर सुद्धा चालते."

"हो. तेही खरंच." टोपीचा आणखी एक फेरा झाला. "येतो मग."

पुढच्या रविवारी पुन्हा तेच. "फिरायला नेलंत का, मिसेस ओल्डरॉइड?" मी म्हटलं, "सिरिल, ती काय कुत्रा आहे?" त्याच्या पुढच्या रविवारी तर तो पेगीकडे बघेचना, माझ्या डोक्यावरच्या घड्याळाशी बोलत होता. मला वाटलं, हरला म्हणून तोंड लपवतोय. मनातून बरं वाटलं.

आता, मला काहीच दिसलं नव्हतं असं नाही. तिच्या मागच्या बाजूला सूज होती, लालबुंद, आणि उतरत नव्हती. पण विचारणार कुणाला? दारात उभ्या असलेल्या परक्या पुरुषाला, की हे बघ हो जरा? आमच्या घराण्यात मूळव्याध आहे. आईला होती, मला आहे. मला वाटलं हिलाही तेच. रोज हंसाची चरबी लावत होते.

मे महिन्यातला तो रविवार. चॅपलहून आले, कोटाची बटणंही काढली नव्हती. दार वाजलं की पेगी कोचाखालून नाचत यायची. त्या दिवशी आली नाही. शिवणाच्या टोपलीत सापडली. उचलली, तर डोकं एकीकडे लोंबलं आणि पाय दुसरीकडे, पिळलेल्या मोज्यासारखे. जिभेचं टोक बाहेर. हाक मारली. हलवली. कानाशी टाळी वाजवली. माझं तिसरं पोर जन्मून रडेना तेव्हा सुईणीनं थापटलं होतं तसं पाठीवर थापटलं. काही नाही.

शेगडीसमोर खाली बसले ती बसलेच. विल्फ गेला तेव्हा मी बसले नव्हते. तेव्हा पाणी तापवायचं होतं, हॅम कापायचा होता, माणसं यायची होती. आता करायला काहीच नव्हतं, आणि मांडीवर विल्फची शेवटची फेरेट होती.

मॅव्हिस आली. तिनं एका बोटानं पेगीचा पाय उचलला आणि सोडला. पाय पडला.

"गेली गं, थर्झा."

"दिसतंय मला."

"खायला काय दिलं होतंस?"

"म्हणजे मी मारली?"

"मी असं कुठं म्हटलं?"

"तोंडानं नाही म्हटलंस."

मग घड्याळाकडे लक्ष गेलं. सिरिल यायची वेळ होत आली होती. त्याचं ते वाक्य कानात वाजायला लागलं, बाईच्या हाती राहिली तर. म्हटलं, तो यायच्या आत माती देऊन मोकळं व्हायचं; मग त्याला काय बोलायचं ते मातीशी बोलू दे. विल्फच्या चांगल्या बुटांचं खोकं काढलं. त्याचा लग्नातला पांढरा मफलर काढला. विल्फ मेलेली फेरेटं रुबार्बच्या वाफ्यात पुरायचा, तिथंच त्याचंच फावडं घेऊन खणायला लागले. लाल देठ बाजूला करून खणत राहिले. थांबावंसं वाटेना.

"अगं, माणूस बसेल एवढा खणतेस की काय?" मॅव्हिस म्हणाली.

"कोल्हे उकरतात. तू भजन काढ."

तिनं पहिलं कडवं म्हटलं. आवाज बेसूर, पण मनापासून. दुसऱ्या कडव्याला फाटक वाजलं आणि सिरिल आला. त्यानं मला पाहिलं, फावडं पाहिलं, खोकं पाहिलं.

"घे," मी म्हटलं. "तू म्हणाला होतास तसंच झालं. जा आता, खाणवाल्यांच्या क्लबात जाऊन मिरव."

तो खोक्यावर वाकला. मफलर बाजूला केला, पेगीला मानेमागच्या सैल कातडीला धरून वर उचललं, आणि तिच्या नाकावर पाइपचा धूर सोडला. मी म्हणणार होते, अरे मेल्या, मेलेल्या जिवाची अशी विटंबना? तेवढ्यात तो हसायला लागला.

"झोपलीय!" हसू त्याला आवरेना. "मिसेस ओल्डरॉइड, झोपलीय हो ती! फेरेट असंच झोपतं, मेल्यासारखं! माझी बायको तर एकदा डॉक्टरला बोलवायला धावली होती, आणि..."

आणि पेगीनं जांभई दिली.

सगळं तोंड उघडून, सगळे सुळे दाखवत, खोक्यावर लोंबकळत जांभई दिली. मॅव्हिस 'येशू देवा' म्हणून किंचाळली आणि मागच्या मागे रुबार्बात बसली. भजनाचं पुस्तक खड्ड्यात गेलं. माझ्या हातातलं फावडं सुटलं. मला हसू आलं नाही की रडू आलं नाही. मी जिवंत जीव पुरणार होते. मफलरमध्ये गुंडाळून, भजन म्हणवून, वर माती लोटून पुरणार होते. तो जरा उशिरा आला असता, तर आत ती जागी झाली असती आणि मी वर चहा पीत बसले असते.

सिरिल हसतच होता. हसता हसता त्यानं पेगीला उजेडाकडे वळवलं आणि अंगठ्यानं तिचा वरचा ओठ उचलला. तिथं त्याचं हसणं तुटलं.

मीही वाकून पाहिलं. हिरड्या मळलेल्या पिठासारख्या पांढऱ्या. त्यानं बोटानं शेपटीच्या बुडाचे केस मागे केले. ते बोटालाच चिकटून आले.

"अजून उतरली नाही?" तो म्हणाला.

"काय उतरली नाही?"

त्याचे कान पेटले. मॅव्हिसकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आभाळाकडे.

"म्हणजे, झोपतात अशाच. पण टाळीनं, हाकेनं थोडं तरी हलतात. एवढं गाढ म्हणजे अशक्तपणा आहे. त्याच्यामुळं."

"कशामुळं?"

"ते... रुबार्ब..."

"सिरिल ब्रॅमहॉल! रुबार्बचं नाव पुन्हा काढलंस तर हे फावडं आहे आणि तू आहेस. कशामुळं?"

तेव्हा त्या माणसानं काय केलं म्हणता? माझ्याकडे पाठ केली. खाण कोसळली तेव्हा दोन माणसांना दगडाखालून उपसून बाहेर काढलेला हा बाप्या शेडच्या भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, पेगीला छातीशी धरलं, आणि भिंतीला सांगायला लागला.

"मादी आहे ती. वसंतात माजावर येते. बाकीची जनावरं माजावर येतात आणि आपली आपण उतरतात. फेरेटची मादी उतरत नाही. नर भेटेपर्यंत तशीच राहते. फार दिवस राहिली की रक्ताचं पाणी होतं. मग जाते."

भिंत काही बोलली नाही. मी चार पोरांची आई. गाईमेंढ्यांचं, कुत्र्यामांजरांचं मला सगळं माहीत. पण नर मिळाला नाही म्हणून मरणारं जनावर देवानं केलंय, आणि ते माझ्या उशीवर झोपतंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि मी त्यावर हंसाची चरबी लावत होते.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"ईस्टरपासून."

ईस्टरपासून. म्हणजे रविवारमागून रविवार तो माझ्या दारात उभा राहून तिचं मरण जवळ येताना बघत होता, आणि मला रुबार्बचं सांगत होता.

"मी सुचवलं होतं," तो भिंतीलाच म्हणाला. "फिरायला न्या म्हटलं होतं. विल्फ दर वर्षी न्यायचा. बिशपकडे."

"कोण बिशप?" मॅव्हिसनं रुबार्बात बसल्या बसल्या विचारलं.

"नर आहे. क्लबाचा. नसबंदी केलेला. पिल्लं होत नाहीत, पण मादी उतरते. गावातल्या सगळ्या माद्यांकडे तोच जातो. घरोघर आशीर्वाद देत फिरतो म्हणून पोरं त्याला... माफ करा, मिसेस ओल्डरॉइड."

दर एप्रिलात विल्फ बगलेत खोकं मारून "जरा फिरून येतो" म्हणत बाहेर पडायचा. मी म्हणायचे, मफलर घे. चाळीस वर्षं मी त्याला मफलर देत होते.

"जा, आण त्याला," मी म्हटलं.

"आत्ता आणतो. पण तुम्ही दुपारी बहिणीकडे गेलात तर बरं. बायकांनी बघायचं नसतं ते."

"मी त्या वरच्या खोलीत चार बाळंतपणं काढलीत, सिरिल. सासूचं हगणंमुतणं काढलंय, नवऱ्याचं प्रेत धुतलंय. बायकांनी काय बघायचं ते तू मला सांगणार? पळ!"

पळाला. टोपी उडाली ती उचलायलाही थांबला नाही.

बिशप आला. पेगीच्या दुप्पट, काळपट, चेहऱ्यावर चोरासारखा पट्टा, आणि वास असा की डोळ्यांतून पाणी. दोघांना शेडमध्ये सोडलं. मला वाटलं, आधी हुंगतील, ओळख करून घेतील. त्यानं सरळ तिची मान दातांत धरली आणि फरशीवरून फरफटत नेली, रिकाम्या गोणीसारखी. आणि पेगी किंचाळली. हातभर जनावर, पण आवाज असा की रस्त्यापलीकडच्या घरांच्या खिडक्या धडाधड उघडल्या. मॅव्हिस दोन्ही कानांवर हात ठेवून घरी गेली. मी फावडं कधी उचललं ते मला कळलं नाही.

"मारतोय तिला! सोड, सोड तिला, मेल्या!"

सिरिलनं फावड्याचा दांडा धरला. "नाही, मिसेस ओल्डरॉइड. असंच असतं. असं ओढल्याशिवाय तिचं अंग उतरत नाही. आत्ता सोडवलंत तर सगळं फुकट जाईल."

"हे असं? दर वर्षी?"

"दर वर्षी."

"आणि तुम्ही काय करता?"

"पाइप ओढतो. दुसरीकडे बघतो."

सगळी गल्ली खिडक्यांत उभी होती. मी त्याला म्हटलं, आत चल. तो आपल्या बुटांकडे बघायला लागला. मी म्हटलं, बुटांचं नाव काढू नकोस. तेव्हा तो माझ्या स्वयंपाकघरात आला, तीस वर्षांत पहिल्यांदा, आणि विल्फच्या खुर्चीला वळसा घालून दारालगतच्या स्टुलाच्या कडेवर टेकला. मी चहा दिला.

"विल्फनं मला कधी का नाही सांगितलं?"

"तो म्हणायचा, खाली खाणीत घाण, माळावर रक्त, क्लबात शिव्या. एक माझं मागचं दार आहे, त्याच्या आत सगळं स्वच्छ. तिथं कुणी काही न्यायचं नाही. म्हणून आम्ही कुणी नेलं नाही." मग हळूच म्हणाला, "बूटसुद्धा."

मेलेल्या माणसावर रागवू नये, पण मला विल्फचा राग आला. आणि त्याच वेळी तो त्या खुर्चीत असता तर त्याच्या टकलावरून हात फिरवला असता असंही वाटलं. मला त्यानं काचेच्या कपाटात ठेवलं होतं, चांगल्या कपबशांसारखं. आणि बाहेर त्याचीच पेगी मरायला टेकली होती. शेडमधून पुन्हा किंकाळी आली. सिरिलनं डोळे गच्च मिटले. मी नाही मिटले.

त्यानंतर पेगीला कच्ची कलेजी दिली, अंड्याचा बलक दिला. सिरिल खाणीतली पाळी सुटली की काळ्या तोंडानं तसाच यायचा, पुन्हा उंबऱ्याबाहेर उभा राहायचा, तिचा ओठ उचलायचा. "अजून फिकट आहे." दुसऱ्या दिवशी, "अजून फिकटच." सूज उतरली, पण हिरड्या पांढऱ्या त्या पांढऱ्याच. एकदा तिनं अन्नाला तोंडच लावलं नाही. मी विल्फचं जाकीट अंगात घातलं, तिला आतल्या खिशात ठेवलं, आणि दिवसभर तशीच वावरले. तशीच खाटकाकडेही गेले. लोक म्हणाले, थर्झा ओल्डरॉइडचं डोकं फिरलं. मी म्हटलं, फिरू दे. कलेजी ताजी दे.

जूनमधल्या एका रविवारी चॅपलहून येऊन दार उघडलं, आणि कोचाखालून ती आली. पाठ कमानीसारखी, शेपटी फुगलेली, तोंडात माझा हातमोजा, आडवीतिडवी उड्या मारत. कोळशाच्या बादलीवर आपटली आणि पुन्हा उठली. मी धरून ओठ उचलला. गुलाबी. रुबार्बच्या कोवळ्या देठासारखा गुलाबी.

सिरिल आला तो उंबऱ्याच्या बाहेरच, टोपी हातात. मी पेगीला पुढं केलं. त्यानं हिरड्या पाहिल्या, परत पाहिल्या, आणि तोंड फिरवून बाहीनं नाक पुसलं.

"छान आहे, मिसेस ओल्डरॉइड," तो म्हणाला. मग जुन्या सवयीनं टोपी फिरवत, "रुबार्ब यंदा..."

पलीकडे मॅव्हिस खिडकीत कान लावून उभी होती. म्हटलं, ऐकू दे, सगळ्या गल्लीला ऐकू दे, आणि मी मोठ्यानंच बोलले.

"सिरिल ब्रॅमहॉल, तू वाईट माणूस नाहीस, म्हणून तुला जास्त सुनावतेय. वाईट माणूस गप्प बसला असता तर मी त्याला ओळखलं असतं आणि दार लावून घेतलं असतं. तू सभ्यपणापायी गप्प बसलास. माझा मान राखायचा म्हणून माझ्याच घरातला जीव जाऊ देत होतास. असला मान मी मेल्यावर माझ्या शवपेटीवर ठेव, जिवंतपणी मला नको. आजपासून बूट कसेही असू देत, आत यायचं. विल्फच्या खुर्चीत बसायचं, ती काय तुला चावत नाही. मला थर्झा म्हणायचं. आणि पेगीला, मला, नाहीतर तुझं तुला काही होताना दिसलं, तर त्याचं जे काय नाव असेल ते घ्यायचं, भिंतीला नाही, माझ्या तोंडाकडे बघून. हे जमणार नसेल, तर तो वाफ्यातला खड्डा मी अजून बुजवलेला नाही. माणूस बसतो त्यात. ये आता आत, चहा गार होतोय."